गैरहजर पोरांचा मास्तर

विसू, तुझ्या दुखवट्याच्या सभेत मी तुझी बदली करून टाकली.

मुद्दाम नव्हे रे. आमच्या शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांची बदली झाली आहे. तुला ते ठाऊक असायचं कारण नाही. हुकूम आला तेव्हा तू तापाने फणफणत होतास. त्यांना निरोप देण्याचं भाषण माझ्याकडे आणि तुझ्या दुखवट्याचंही माझ्याकडेच. तालुक्यातले मास्तर दुसरं काही ठरवोत न ठरवोत, बोलायला नाना आहे हे त्यांचं ठरलेलं असतं. दोन्ही कागद कोटाच्या एकाच खिशात. कर्जतला धर्मशाळेच्या ओसरीवर सगळे जमले होते. मी उठलो, हाताला लागला तो कागद काढला आणि वाचू लागलो. 'आपल्यासारख्या मनमिळाऊ, मितभाषी आणि सदैव वरिष्ठांच्या मर्जीत राहिलेल्या गृहस्थाच्या जाण्याने...' मितभाषी! तू! तिथेच मला कळायला हवं होतं. पण असले शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की जीभ घसरतच पुढे गेली. 'पुन्हा बदली होऊन याच तालुक्यात आपलं येणं व्हावं, अशी ईशचरणी प्रार्थना' इथवर पोचलो आणि मला घाम फुटला. मान वर करून पाहिलं, तर सगळे माना खाली घालून बसलेले. एकाने उपरण्याने डोळे टिपले. अध्यक्ष म्हणाले, "फार समयोचित बोललात."

कोणाच्या लक्षात आलं नाही, विसू. आधी मला हायसं वाटलं. मग वाटलं, तू असतास तर ओसरीवरून उठून ओरडला असतास, "नाना, गाढवा, कागद बघ!" आणि मग तू नाहीस हे पहिल्यांदा नीट कळलं.

एकाच माणसाने ऐकलं होतं. ओसरीखाली पायरीशी तुझ्या वाडीची बुधी उभी होती. तुझ्या हाताखाली पहिल्यांदा वाचायला शिकलेली ठाकराची पोर. आता तिच्याच कडेवर पोर आहे. कळंबच्याही पलीकडून, डोंगराच्या पायथ्यापासून चालत आली होती. सभा उठल्यावर तिने मला गाठलं.

"मास्तर, आमचा मास्तर परत यील म्हनलात तुमी."

"चुकलं गं माझं. दुसराच कागद वाचला."

"मंग त्योच कागद बरा हुता," ती म्हणाली.

तिच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. शाळेची किल्ली आणि तुझा हजेरीपट. "ह्ये कुनाला देऊ? समद्यांना इचारलं. जो त्यो म्हनतो, ठेव तिकडं."

मी घेतलं. दुसरं कोण घेणार?

"साळा ऱ्हाईल ना?"

"बघतो."

"बघतो म्हंजी नाय, ना?" तिने पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. तू तिला फार नीट शिकवलंस, असं मला त्या वेळी वाटलं. जरा जास्तच नीट.

तर आता गंमत अशी आहे की तुझी शाळा माझ्या हातात आली आहे. सरकारने काटकसर काढली आहे. ज्या शाळांची हजेरी कमी, त्या बंद. तुझी त्या यादीत पहिली. केंद्रशाळेचा हेडमास्तर म्हणून मी तुझा पट पाहायचा, खाली 'शाळा चालू ठेवावी किंवा कसे' याबद्दल दोन ओळी लिहायच्या आणि वर पाठवायच्या. ज्या गोष्टीवरून आपण वीस वर्षं भांडलो ती अशी माझ्या टेबलावर येऊन पडली, आणि भांडायला तू नाहीस. हे काही बरं केलं नाहीस.

आपण दोघे खालापूरचे. एका बाकावर बसून फायनल परीक्षा पास झालो, एकाच वर्षी मास्तर झालो. मी मोठ्या गावची शाळा मिळवली. तू वाडीवरची मागून घेतलीस. मागून! ऑफिसातला कारकूनसुद्धा चक्रावला होता. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की पोरं शाळेत आणण्यापेक्षा पटावर आणणं सोपं असतं. शाळेत आणायला घरोघर जावं लागतं. पटावर आणायला एक तिरकी रेघ ओढली की झालं. त्यात मी एक सोय केली होती. हजेरी घेताना जो आला नसेल त्याच्या शेजारच्याने 'हजर' म्हणायचं. पोरं तयार झाली होती. एकेक जण तीन तीन आवाज काढायचा.

तपासणीच्या दिवशी तर आसपासच्या गावांतली पोरं उसनी आणायची. तो प्रसंग तुला सांगितला तेव्हा तू हसता हसता खाली बसला होतास, आठवतं? दिपोटींनी एका पोराला उभं केलं. "नाव काय तुझं?" पोरगं कालच दुसऱ्या शाळेच्या तपासणीला जाऊन आलेलं. ते इमानाने म्हणालं, "साहेब, हितलं सांगू का तितलं?" साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर पाटलांकडची आंब्याची करंडी त्यांच्या टांग्यात चढत होती. साहेब म्हणाले, "मुलं चुणचुणीत आहेत." आणि तसा शेरा लिहिला. संध्याकाळी पाटील मला म्हणाले, "मास्तर, गावाची शान राखलीत."

हसून झाल्यावर तू म्हणालास, "नाना, तू खोटं केलंस याचं मला एवढं वाटत नाही. पण साहेबाला ठाऊक, पाटलाला ठाऊक, पोरांच्या बापांना ठाऊक. निदान लपवावं तरी लागायला हवं होतं रे! इथे लपवायचीसुद्धा कोणाला गरज वाटत नाही."

मी म्हणालो, "चल, जेवायला चल. भाकऱ्या गार होतात." माझ्याकडे उत्तर नसलं की मी जेवणावर येतो, हे तुला माहीत होतं.

तुझ्या तपासणीची गोष्ट मात्र मी चारचौघांत सांगत नाही. तुझ्या शाळेत त्या दिवशी चार पोरं. साहेब कडाडले, "बाकीची कुठे आहेत?" तू म्हणालास, "कोळशाच्या भट्टीवर. अर्ध्या तासाची चढण आहे. चला, दाखवतो." साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि 'मास्तर उद्धट आहेत' असं लिहून निघून गेले.

एकदा मीच आलो होतो तुझ्याबरोबर भट्टीवर. रविवार होता. धापा टाकत वर पोचलो, तर आईबाप लाकडं रचताहेत, पोरं राखेत लोळताहेत, आणि तुला पाहताच सगळी हातातलं टाकून एका सपाट कातळाभोवती बसली. कोळसा हातात आणि कातळ पाटी. बुधी तेव्हा नऊदहा वर्षांची असेल. तिने मला विचारलं, "तुमी बी शिकाया आलाव?" तू म्हणालास, "हो, ह्याला अजून बरंच शिकायचंय." पोरं किती हसली!

उतरताना मी तुला म्हणालो, "अरे शहाण्या, शिकवलंस ना यांना? मग पटावर हजर लाव. यात खोटं काय आहे?"

"हजर म्हणजे शाळेत हजर. मी भट्टीवर गेलो, म्हणजे मी हजर झालो. ती कुठे झाली?"

"शब्दाचा कीस काढतोस. तुझ्या या खरेपणापायी उद्या शाळा बंद झाली, तर बुधीच्या मागची पोरं कोणाकडे शिकणार? माझं खोटं आहे, पण माझी शाळा उभी आहे."

तू काही बोलला नाहीस. कळंब येईपर्यंत बोलला नाहीस. मी आपला मनात खूश की अखेर विसूला गप्प केलं. पुढे तीन महिने तू आमच्याकडे फिरकला नाहीस. मग एक दिवस पळसाच्या पानात करवंदं घेऊन आलास, ती आमच्या घरात दिलीस, आणि ओटीवर बसत जणू मधे काही झालंच नाही अशा आवाजात म्हणालास, "नाना, तुझ्या त्या प्रश्नाला मला उत्तर सापडलं नाही. पण म्हणून तुझं बरोबर आहे, असंही नाही." असं येऊन सांगणारा दुसरा माणूस मला या जन्मात भेटलेला नाही. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "करवंदं आंबट आहेत."

आणखी एक सांगायचं राहिलं आहे. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मला हेडमास्तर केलं त्या वर्षी साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तो वाडीवरचा मास्तर कसा आहे हो?" मला भट्टी सांगता आली असती, कातळ सांगता आला असता. मी हसलो आणि म्हणालो, "माणूस जरा हट्टी आहे, साहेब." एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नाही. पण त्यानंतर तुझ्याकडे नवे नकाशे आले नाहीत, दुसरा मास्तर आला नाही, आणि तू मला सांगत राहिलास, "अर्ज केलाय, बघू."

आता तुझ्या पटाचं ऐक.

सभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो उघडून बसलो. माझा बेत ठरला होता. तुझं अक्षर मला जसंच्या तसं काढता येतं. ट्रेनिंगला असताना तुझ्या नावावर दोन निबंध मीच लिहिले होते. तू हिरड्याची केलेली पिंगट शाई मला एकदा बाटलीभर दिली होतीस, ती फळीवरून काढली. म्हटलं, आयुष्यभर स्वतःसाठी खोटं केलं, आता एकदा विसूसाठी करू. तुझ्या गैरहजेरीच्या पूज्यांच्या हजेरीच्या रेघा करायच्या, चार महिन्यांची हजेरी वर न्यायची, शाळा वाचवायची. बुधीला सांगायचं, राहिली. मला तर हे जवळजवळ पुण्यकर्म वाटायला लागलं होतं.

आमची मंडळी आतून आली. "भाऊजींची शाई कशाला काढलीत?"

"वाळली का बघतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

पहिलंच नाव चाहूचं. पुढे पूज्य. टाक बुडवला, आणि मग दिसलं की शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात काही लिहिलं आहे. आमच्या पटांवर तो रकाना कोरा असतो. तो छापतात तरी कशाला, असं मला वाटायचं. तू लिहिलं होतंस, 'आईबरोबर भट्टीवर. तेराचा पाढा येतो.' खाली हिरी. पूज्य. 'धाकटा भाऊ सांभाळते. भावासकट ये म्हणालो. लाजते.' त्याखाली पदू. 'माझ्यावर रुसला आहे. मी मारले. चूक माझी.' एकही पूज्य असं नव्हतं की ज्याच्यासाठी तू घरी जाऊन विचारून आला नव्हतास. पान उलटलं. भात कापणीला गेलेली, पायात काटा मोडलेली, लग्न होऊन सासरी गेलेली. सगळी गैरहजर, आणि सगळी कुठे आहेत ते तुला ठाऊक. शेवटच्या पानावर अक्षर हललेलं. पोरांच्या नावांखाली, जिथे काही लिहायची चाल नाही तिथे, तू लिहून ठेवलं होतंस, 'आज मास्तर गैरहजर. ताप.' त्यानंतर पान कोरं.

टाक हातात तसाच राहिला. मला आमची सखू आठवली. माझ्या पटावरची. देवी निघाल्या आणि चार दिवसांत पोर गेली. मला कळलं नाही, कारण तिच्या शेजारची 'हजर' म्हणत होती आणि मी रेघ ओढत होतो. महिन्याने तिची आई पाटी परत न्यायला आली. दारात उभी राहिली. पट माझ्यासमोर उघडा होता. मी त्याच्यावर हात ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, विसू. तरी मी हात ठेवला. हे मी तुलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू काही बोलला नसतास, आणि तेच मला नको होतं.

शाईची बाटली फळीवर ठेवून दिली.

मग तुझ्या पटाखाली दोन ओळींच्या जागी पानभर लिहिलं. लिहिलं की या केंद्रात खरा पट एवढा एकच आहे. या मास्तरांनी गैरहजर मुलांनाही शिकवलं, त्याचा पुरावा शेऱ्याच्या रकान्यात आहे, तो वाचावा. आकड्यावरून शाळा बंद करायची असेल, तर आकडे सगळ्यांचे तपासावेत आणि सुरुवात माझ्या शाळेपासून करावी. माझे आकडे खोटे आहेत. सही केली. सही करताना अक्षर इतकं वाकडं आलं की ती माझीच, असं कोणी म्हणणार नाही. भित्र्या माणसाच्या हातून एवढंच होतं.

आज सकाळी शाळेत गेलो. पोरांना म्हटलं, "आज ज्याने त्याने आपल्यापुरतंच बोलायचं."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एकाने विचारलं, "गुरुजी, दिपोटी येनार हायत?"

"नाही."

"मंग?"

मी हजेरी घेऊ लागलो. दोन नावं झाली, तिसऱ्याला कोणी बोललं नाही. मी थांबलो. ओठांवर आलेली 'हजर' पोरं कशीबशी गिळत होती. चौथं नाव, उत्तर आलं. पाचवं, नाही. सहावं, नाही. इतकी वर्षं या शाळेत मी एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. प्रत्येक नावामागे मी थोडा वेळ थांबत होतो, जणू कोणी धावत आत येईल. एकोणीस पूज्यं झाली. माझ्या भरल्या शाळेत.

हजेरी संपल्यावर पाटील ओटीवर डोकावले. कुणीतरी लगेच जाऊन सांगितलं असणार. "मास्तर, काय ऐकतोय मी? बरं वाटत नाही का?"

"आजच जरा बरं वाटतंय," मी म्हणालो. ते मान हलवत गेले. त्यांनीही वर लिहिलं असेल किंवा लिहितील. हेडमास्तरकी राहील न राहील. तुझी शाळा राहील न राहील. लिफाफा दुपारी स्वतः टपालात टाकून आलो. बुधीला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. तुझ्या शाळेची किल्ली मात्र अजून मी वर पाठवलेली नाही. कोणी मागेपर्यंत ती माझ्याकडे राहणार.

तुझ्याशी एवढं बोलल्यावर खरं तर इथेच थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर माझी बरी छाप पडली असती. पण घरी आल्यावर जे झालं तेही तुला कळलं पाहिजे, कारण ते तुला आवडेल.

आमची मंडळी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. शाई, सखू, सही, पाटील. जरासं चढवूनच सांगितलं. पाटलांना दिलेलं उत्तर मी दोनदा सांगितलं. मला वाटलं होतं, तिचे डोळे भरून येतील. निदान चहा तरी होईल.

ती म्हणाली, "किती निघाली गैरहजर?"

"एकोणीस."

"त्यांत गोविंदाची दोन्ही धरलीत का? ती आजोळी आहेत, यायची आहेत परत. यशी मात्र यायची नाही. तिला एकच परकर आहे. धुतला की वाळेपर्यंत ती घराबाहेर पडत नाही. आणि रघूला तुम्ही सगळ्यांदेखत गाढव म्हणालात ना, तेव्हापासून शाळा सुटेपर्यंत तो नदीवर बसून असतो."

मी विचारलं, "तुला हे कसं ठाऊक?"

"विहिरीवर बायका बोलतात. त्यात काय कसं?"

"मग इतकी वर्षं मला कधी बोलली नाहीस?"

"तुमच्या पटावर ती हजर होती," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हांला कळून घ्यायचं नसेल."

मी आत जाऊन पेन्सील आणि कागद घेऊन आलो. म्हटलं, "सांग एकेकाचं, सावकाश सांग."

तिने सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि उठली.

"लिहून काय घेताय? वहाणा घाला पायात. यशीच्या घरी तुम्हांला एकट्याला कोणी आत घ्यायचं नाही. मीही येते."